पुरुष वंध्यत्व : आदिलाबादच्या सीमाभागातील एक दुर्लक्षित प्रश्न

मूल न झालेल्या स्त्रीसाठी मराठीत ‘वांझ’ हा जिव्हारी लागणारा शब्द आहे. पुरुषासाठी तसा शब्द रूढ नाही. पैनगंगेच्या दक्षिणेकडील आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात; पण दोष प्रथम सुनेकडे जाण्याची रीत कोणत्याही एका भाषेची नाही. इजिप्तमध्ये नवऱ्याचे वैगुण्य झाकण्यासाठी स्त्रिया स्वतःकडे दोष घेतात, अशी नोंद मानववंशशास्त्रज्ञ मार्सिया इनहॉर्न यांनी केली आहे. आपल्याकडेही हे चित्र अनोळखी नाही.

वर्षभर नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न झाल्यास दांपत्याची तपासणी सुचवली जाते. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातील कारण, एकटे किंवा पत्नीतील कारणासोबत, आढळते. तरीही दुर्बिणीची तपासणी पत्नीची आधी होते आणि साधी, स्वस्त वीर्यतपासणी मागे राहते. हा क्रम उलटा आहे.

दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा होय. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने जुन्या तापाचा परिणामही अहवालात दिसू शकतो. म्हणून एका अहवालावर निष्कर्ष काढू नये. वृषणातील शिरा फुगणे (व्हेरिकोसील), वृषण खाली न उतरणे, वयात आल्यानंतरचे गालगुंड, तंबाखू आणि व्यायामशाळेतील टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने ही काही कारणे.

आदिलाबादच्या गोंड व कोलाम वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात. हा आजार आणि त्यावरील हायड्रॉक्सियुरिया ही गोळी, दोन्हींमुळे शुक्राणू घटू शकतात. गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे; मूल हवे असल्यास डॉक्टरांशी आधी बोलावे. जिल्हा कापसाचा, म्हणून फवारणीचाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील कारखान्यात डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकामुळे कामगार वंध्य झाल्याचे उघड झाले. प्रत्येक कीटकनाशकावर तोच आरोप ठेवता येत नाही; पण रुग्णाला त्याच्या कामाबद्दल विचारलेच पाहिजे.

शुक्राणू अत्यल्प असले तरी १९९२ मध्ये ब्रुसेल्समधून जाहीर झालेल्या इक्सी तंत्राने एकच शुक्राणू बीजांडात सोडता येतो. खर्च हा खरा अडसर. आदिलाबाद शहरात राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था हे शासकीय महाविद्यालय आहे; शासकीय आयव्हीएफ केंद्र मात्र हैदराबादच्या गांधी रुग्णालयात २०२३ मध्ये सुरू झाले, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर दूर. त्याच वर्षी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातही मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली. दात्याचे वीर्य वापरण्यास भारतात २०२१ च्या कायद्याने परवानगी आहे. दात्याचे वय २१ ते ५५ हवे आणि दांपत्यातील दोघांचीही लेखी संमती लागते.