पिरानेसीची काल्पनिक कारागृहे

जिओव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०-१७७८) जन्मभर स्वतःला व्हेनिसचा वास्तुशिल्पी म्हणवीत राहिला. प्रत्यक्षात रोममधील एका चर्चची पुनर्रचना, एवढेच त्याचे उल्लेखनीय बांधकाम. उरलेली वास्तू त्याने तांब्याच्या पत्र्यावर, सुई आणि आम्ल यांच्या साहाय्याने उभारली.

१७५०च्या सुमारास रोममधील बुशार या प्रकाशकाने त्याची चौदा कारागृहचित्रे प्रसिद्ध केली. मुखचित्रावर प्रकाशकाचे नाव होते, चित्रकाराचे नव्हते. रेषा सैल, कागदाचा पांढरेपणा बराचसा मोकळा. नाट्यगृहाच्या पडद्यासाठी केलेली टिपणे वाटावीत अशी ही चित्रे. १७६१मध्ये पिरानेसीने तेच पत्रे पुन्हा हाती घेतले. आम्लाने रेषा खोल खोदल्या. तुळया, साखळ्या, झुलते पूल, कोठेच न पोहोचणारे जिने वाढविले. चौदाव्या चित्रातील जिना तर खांबाच्या पुढे आहे की मागे, याचा निर्णय डोळ्यास करता येत नाही. दोन नवी चित्रे घालून संख्या सोळा झाली, आणि आता मुखचित्रावर त्याचे नाव आले.

हा बदल केवळ छायेचा नव्हे. त्याच वर्षी रोमन वास्तुकलेच्या थोरवीवरील त्याचा ग्रंथ निघाला. रोमनांची कला ग्रीकांकडून उसनी घेतलेली आहे, असे मानणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. सोळाव्या चित्रात त्याने लिव्हीच्या इतिहासातील शब्द शिळेवर कोरले आहेत: वाढत्या उच्छृंखलपणास धाक बसावा म्हणून राजा आंकस मार्सियसने नगराच्या मध्यभागी तुरुंग बांधला, त्या प्रसंगाचे. म्हणजे स्वैर कल्पना आता इतिहासाची साक्ष देऊ लागली. परंतु नव्याने घातलेल्या दुसऱ्या चित्रात नीरोने मारविलेल्यांची नावे आहेत. कायद्याचा दरारा आणि जुलूम एकाच छताखाली आले, आणि रोमच्या वकिलाला ही विसंगती खटकली नसावी, असे मानणे कठीण आहे.

साहित्याने मात्र वेगळेच पिरानेसी पत्करले. १८२१मध्ये डी क्विन्सीने या चित्रांचे जे वर्णन केले, ते कोलरिजच्या तोंडून ऐकलेले होते. चित्रे त्याने पाहिली नव्हती. त्यात पिरानेसी स्वतःच तापाच्या भ्रमात जिन्यामागून जिना चढत राहतो. असा पिरानेसी सोळांपैकी एकाही चित्रात ओळखता येत नाही. तरीही पुढच्या कित्येक वाचकांनी चित्रांपूर्वी हेच वर्णन वाचले, आणि शिळेवरचे लेख न वाचलेलेच राहिले.

पिरानेसीचे पत्रे १८३९मध्ये पोपच्या मुद्रणालयाने विकत घेतले. ते आजही रोममध्ये आहेत. त्यांवरून काढलेला प्रत्येक ठसा काळोखाचाच निघतो. पहिली, उजेडाची कारागृहे आता फक्त बुशारच्या जुन्या प्रतींत पाहावयास मिळतात.