घरगुती चलच्चित्रे आणि स्वस्ताईचे मोल

कुलवृत्तान्तात पूर्वजांची नावे सापडतात, मूळ गाव सापडतो, कुलदैवत सापडते. परंतु आजोबा चालत कसे आणि आजी हसत कशी, हे त्यात सापडत नाही. ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य चलच्चित्रात आहे, आणि ते त्याच्या जन्मकाळीच प्रकट झाले होते. १८९५ च्या डिसेंबरात पॅरिस येथे ल्यूमिएर बंधूंनी जे खेळ दाखविले, त्यांत ऑगस्त ल्यूमिएर व त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीस भरवीत आहेत, असा एक छोटा पट होता. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे, आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. तथापि त्या काळची ३५ मिलिमीटरची फीत महाग तर होतीच, शिवाय चटकन पेट घेणारी होती. अशी वस्तू घरात कोण ठेवणार?

ह्या अडचणीतून वाट काढण्याचा इतिहास म्हणजेच स्वस्त माध्यमाच्या शोधाचा इतिहास होय. १९२२ मध्ये फ्रान्समधील पाते कंपनीने साडेनऊ मिलिमीटरची फीत आणली. १९२३ मध्ये अमेरिकेतील कोडॅकने १६ मिलिमीटरची, सहजी पेट न घेणारी फीत आणली. तीच फीत धुतल्यावर थेट पडद्यावर दाखविता येई. निराळी प्रत काढण्याचा खर्च वाचे. तरीही कॅमेरा, प्रक्षेपक, पडदा इत्यादी संचास ३३५ डॉलर पडत. पुढे मंदीच्या ऐन काळात, १९३२ मध्ये, कोडॅकने एक युक्ती योजिली. १६ मिलिमीटरच्या फितीची एक कड प्रथम वापरावयाची, मग रीळ उलटवून दुसरी, आणि धुतल्यानंतर ती उभी चिरून जोडावयाची. २५ फुटांचे ५० फूट झाले, सुमारे चार मिनिटांचे चित्रण त्यात मावू लागले आणि मध्यमवर्गाच्या हाती कॅमेरा आला. १९६५ च्या सुपर-८ ने ही रीळ उलटविण्याची यातायातही संपविली. पेटी बसविली की काम झाले. परंतु एका पेटीत जेमतेम सव्वातीन मिनिटेच मावत. म्हणूनच त्या काळच्या फितींत मंगलाष्टके संपूर्ण नसतात. वधूवरांची एक झलक, पंगतीची एक झलक, एवढेच असते.

ह्या काटकसरीचा शेवट चुंबकीय टेपने केला. १९८३ मध्ये सोनीचा बीटामूव्ही हा कॅमेरा व ध्वनिचित्रमुद्रक एकत्र असलेला घरगुती कॅमकॉर्डर आला. त्यानंतर ग्राहकापुढे खरा पेच उभा राहिला. व्हीएचएस-सी ह्या छोट्या कॅसेटचा गुण असा की, ती एका सांगाड्यात बसवून घरच्याच व्हीएचएस यंत्रात पाहता येई. दोष असा की, सर्वसाधारणपणे ती अर्ध्यापाऊण तासात संपे, आणि मुंजीत नेमकी मातृभोजनाच्या वेळी बदलावी लागे. १९८५ च्या व्हिडिओ-८ ची कॅसेट दीड तास वा अधिक चाले, पण ती पाहण्यास कॅमेराच दूरचित्रवाणीला जोडावा लागे. ज्याच्या घरी व्हीएचएस यंत्र होते त्यास पहिली स्वस्त, आणि ज्यास दीर्घ विधी सलग टिपावयाचा त्यास दुसरी स्वस्त, असा हा हिशेब होता. अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेल्या कॅसेटी इकडच्या यंत्रांवर अनेकदा दिसत नसत, कारण तेथील एनटीएससी व आपली पाल ह्या पद्धतीच भिन्न होत्या.

१९९५ मध्ये मिनीडीव्ही ही अंकीय टेप आली, आणि प्रतीची प्रत काढूनही चित्राची झीज होईनाशी झाली. १९९९ च्या डिजिटल-८ ने जुनीच आठ मिलिमीटरची कॅसेट वापरून तेच साधले. त्यातील पुष्कळशा कॅमेऱ्यांवर आधीच्या व्हिडिओ-८ च्या टेपाही चालत.

आता ह्या सर्व जमाखर्चाची गोळाबेरीज काय? फीत उजेडात धरली तर आजोबांची मूर्ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. टेप उजेडात धरली तर काहीच दिसत नाही, तिला यंत्रच हवे. आणि नव्या व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. म्हणजे मिनिटामागे जे माध्यम सर्वांत स्वस्त ठरले, तेच आज सर्वांत पराधीन झाले आहे. फीतही अमर नव्हे; डब्यातून शिर्क्यासारखा आंबट वास आला, की तिचा क्षय सुरू झाला असे समजावे.

तेव्हा ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी असतील, त्यांनी चालते यंत्र उपलब्ध आहे तोवरच त्यांच्या अंकीय प्रती करून घ्याव्यात, दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात, आणि चित्रातील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर नावे, नाती, गाव व वर्ष लिहून काढावे. भ्रमणध्वनीने आज माध्यम निवडण्याचा प्रश्न मिटविला असला, तरी हे जतनाचे काम त्याने मिटविलेले नाही. चित्रातील वृद्धा कोण, हे सांगणारे कोणी उरले नाही, तर यंत्र दुरुस्त करून तरी काय लाभ?