जात्यावरचं चित्र



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. वीणेकरी, पखवाजी, टाळकरी, चोपदार यांच्याविषयी इतर मंडळींनी लिहिलंच असेल. मी लिहितोय ते भिंतीवरच्या चित्रांविषयी. रोजच्या कामाधामात आपल्या माणसांचं गाणं कसं होतं, हे पोथीत फारसं सापडत नाही. ते चित्रात सापडतं.

आपल्या भागातल्या विठ्ठल मंदिरांत तीन चित्रं हमखास दिसतात. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताहेत. अरणचे सावता महाराज मळ्यात आहेत. आणि मूळच्या गंगाखेडच्या जनाबाई जात्यावर बसल्यात. समोर विठुराया खुंट्याला हात लावून दळू लागतोय. तिघांच्या हाताला काम आहे आणि मुखात नाम. चित्राला आवाज नसतो, म्हणून चितारी तो अंगावर दाखवतो: मिटलेले डोळे, उघडे ओठ, एका लयीत वळलेला हात. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही त्यातला अर्थ सांगावा लागला नाही.

गाणं रंगवायची रीत जुनी आहे. आपल्या मराठवाड्यातच अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नाचणारी स्त्री आहे आणि तिच्याभोवती वाजवणाऱ्या बायका. त्याला दीड हजार वर्षं होत आली. पण ते राजवाड्यातलं संगीत. गरिबाघरचं पाहायचं तर पालघरकडच्या वारली पाड्यांवर जावं. तिथं लग्नघरी कुडाच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं देवचौक लिहितात, आणि धवलेरी बाई लग्नाची गाणी म्हणते. म्हणजे चित्र आणि गाणं एकाच वेळी उमटतं. तारपा वाजवणारा मधे आणि हातात हात घालून त्याच्याभोवती फिरणारी माणसं, हे त्यांचं चित्र तर जगभर गेलं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते गोल चित्र पाहिलं की मला आपलं रिंगणच आठवतं.

आता आपलं सांगतो. जुन्या किल्लारीत आमच्या घरी जात्याच्या वरच भिंतीला जनाबाईचं कॅलेंडरवरचं चित्र चिकटवलेलं होतं. पिठाच्या धुरळ्यानं पांढरं झालेलं. आई म्हणायची, "मी एकली कुठं दळतीया? समोर जनी हाय की." गिरणी आली तसं जातं कोपऱ्यात गेलं, तरी लग्नाची हळद जात्यावरच दळायची आणि ओव्या व्हायच्या.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडायचा होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भुई हलली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची माती. झोपेतली माणसं उठलीच नाहीत. लातूर-धाराशिवकडं हजारोंनी जीव गेला. पुढं ५२ गावं नव्या जागेवर बसवली, त्यात आपलं गाव. भिंतींबरोबर भिंतीवरची चित्रंही मातीत गेली, आणि कितीतरी गळेही.

ओव्यांचे शब्द बऱ्याच अंशी वाचले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ते मोठं पुण्य. पण दोघी जणी समोरासमोर कशा बसायच्या, एक पाय दुमडून दुसरा कसा पसरायचा, खुंटा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात कसा जायचा, मांडीवर लेकरू कसं निजायचं, हे शब्दात मावत नाही. ते काढूनच दाखवावं लागतं.

नव्या मंदिरांत रंगारी आणून आपण देवांची चित्रं काढून घेतो. चांगलंच आहे. पण शंभरीच्या निमित्तानं एक भिंत आपल्या माणसांसाठी ठेवा, ही विनंती. त्यावर पखवाजाला कणीक लावणारा हात काढा. सप्त्यात रात्री दोनला पहाऱ्यावर उभा राहून वीणा खाली न टेकवणारा म्हातारा काढा. डोईवर तुळस घेऊन चाललेली बाई काढा. आणि जातं काढाच. रंगारी बाहेरचा नको, शाळेतली आपलीच पोरं काढतील. म्हाताऱ्यांनी शेजारी बसून सांगावं, "आसं नव्हं बाळा, हात आसा."

ओवीच्या तालावर जातं फिरताना ज्यांनी ऐकलं, ती माणसं आता साठीपुढं गेलीत. ती आहेत तोवर भिंत रंगली पाहिजे.

रामकृष्णहरी.