पंडिता रमाबाई आणि सदसद्विवेक

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, एवढे आपल्या बहुतेक भगिनींना ठाऊक असते. कोणी त्याबद्दल हळहळते, कोणी त्यांचे कौतुक करते. पण नवा धर्म स्वीकारल्यावर त्यातील ग्राह्य काय आणि अग्राह्य काय, हे कोणी ठरवावयाचे, असा प्रश्न बाईंपुढे लगेच उभा राहिला. त्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन या बाईंच्या धर्ममाता. मनाने प्रेमळ, मनोरमेवर तर विलक्षण जीव. परंतु आज्ञाधारकपणा हा ख्रिस्ती स्त्रीचा पहिला गुण, अशी त्यांची पक्की समजूत. रमाबाई वैद्यकी शिकण्यासाठी गेल्या होत्या. कानांनी दगा दिल्यामुळे तो बेत राहिला आणि त्या चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे, अशी सूचना निघाली. झाले! हिंदुस्थानातील बिशपांकडे विचारणा गेली आणि उत्तर आले की, असे करणे अनुचित. स्वदेशी त्यांच्या लौकिकाला बाध येईल. बाईंना याचे नवल वाटले. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी रानात राहून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले, त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. त्यांनी किंवा बाईंच्या पतीने ज्याला कधी हरकत घेतली नाही, त्याला सुधारलेल्या देशातील धर्माधिकाऱ्यांनी घ्यावी! असे त्यांनी स्पष्ट लिहून कळविले.

पुढे वाद वाढला. क्रूसावरील अक्षरे लॅटिन का असावीत, संस्कृत का नकोत? जी भाषा मला व माझ्या देशभगिनींना कळत नाही, तिच्यात अधिक पावित्र्य ते कोणते? त्रैक्याच्या सिद्धांताबद्दलही त्या प्रश्न विचारीत. सिस्टरबाईंना यात अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की, पुरोहितांचे जोखड नुकतेच मानेवरून उतरविले आहे, ते दुसऱ्या हातांनी पुन्हा चढवून घ्यावयाचे नाही. देवाचे वचन आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांना स्मरून चालावयाचे. अन्नही त्या शाकाहारीच घेत. हा सारा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिननी स्वतः जपून संकलित केला. तो १९७७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. स्वतःवर टीका असलेली पत्रेही त्यांनी जपली, हा त्यांचा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे. आणि एवढे वाद होऊनही बाईंनी मनोरमेला पुढे पुन्हा त्यांच्याच हाती विश्वासाने सोपविले.

खरी कसोटी मात्र पुण्यात लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी निघालेले शारदासदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. तेथे धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, असा करार होता. बाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत. पण दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना उठवून लावावे काय? बाईंनी लावले नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे न्याय करणे सोपे नाही. ज्या बापाने लोकनिंदा सोसून विधवा लेक पाठविली, त्याच्या दृष्टीने उघडे दार म्हणजे शब्दाला बगल देणेच होते. उलट, वाँटेजला ज्या स्त्रीने कोणाची सक्ती जुमानली नाही, तिने आपल्या घरात दुसरीला देवाचे नाव घेण्यास मज्जाव कसा करावा? मला वाटते, बाईंनी पालकांना अगोदरच सारे मोकळेपणाने कळविले असते, तर कटुता थोडी कमी झाली असती. परंतु दार लावून घेतल्याने त्या अधिक प्रामाणिक ठरल्या असत्या, असेही मला म्हणवत नाही. नेल्या गेलेल्या मुलींचे शिक्षण खुंटले, याची हळहळ दोन्ही बाजूंच्या भांडणात फारशी कोणाला वाटलेली दिसत नाही.

बाई स्वतःलाही तपासून पाहात. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो पुढे कित्येक वर्षांनी सापडला.

केडगावच्या मुक्तिसदनात शेवटची वर्षे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे मराठी करण्यात घालविली. एके काळी क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या या पंडितेने येथे मात्र जड संस्कृत शब्द टाळले; दुष्काळातून आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायांना वाचून कळले पाहिजे, हाच हेतू. काम पुरे होताच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या निवर्तल्या. ग्रंथ मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापला गेला.