घडीच्या चाकूत नेमकं काय सुधारायला हवं? खान्देशातल्या केळीच्या बागेतून समजून घ्या

रावेर, यावल किंवा चोपडा तालुक्यातल्या केळीच्या बागेत घड कापायला कोयता किंवा विळा लागतो. पण दिवसभरातली बारीकसारीक कामं कोयत्याने होत नाहीत. ठिबकची नळी कापायची असते, खताच्या गोणीची सुतळी तोडायची असते, करप्याचे डाग पडलेला पानाचा तुकडा काढायचा असतो. अशा वेळी खिशातून निघतो तो घडीचा चाकू. शिरपूरकडच्या केळीत, साक्रीच्या कांद्यात आणि धुळे-जळगावच्या कापसाच्या शेतातही त्याला काम असतंच.

जगभरात अशा चाकूंचे शौकीन आहेत. पातं कोणत्या पोलादाचं असावं, लॉक कसं असावं, मूठ कशाची असावी यावर त्यांच्यात सतत वाद चालतात. त्यातल्या बऱ्याच मागण्या शेतात काम करणाऱ्यालाही लागू पडतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो. शौकिनांची चर्चा बहुतेकदा पोलादापासून सुरू होते. केळीच्या बागेत मात्र घडीचा चाकू आधी कमी पडतो तो सांध्यापाशी.

घडीचा चाकू चालतो कसा?

या चाकूचे मुख्य भाग तीन: पातं, मूठ आणि दोघांना जोडणारी खीळ. पातं या खिळीभोवती फिरतं आणि मिटल्यावर मुठीतल्या खाचेत जाऊन बसतं. साध्या चाकूत मुठीच्या पाठीकडून एक स्प्रिंगची पट्टी पात्याच्या बुडावर दाब देते. त्यामुळे पातं उघडं राहतं, पण जोर लावला की मिटतं. स्वित्झर्लंडचा प्रसिद्ध लाल चाकू, ज्याची नोंदणी कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये केली, त्याची पाती मुळात याच तत्त्वावर चालतात.

स्थिर पात्याच्या चाकूला किंवा कोयत्याला सांधा नसतो. गावोगावी फिरणारे घिसाडी किंवा गावातले लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून दणकट कोयता घडवतात, कारण तिथे काम पोलाद तापवण्याचं, ठोकण्याचं आणि पाणी देण्याचं असतं. घडीच्या चाकूत त्याशिवाय आणखी एक गोष्ट साधावी लागते. पातं सहज फिरलं पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. ही फट मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशात सांभाळावी लागते. चांगला आणि वाईट चाकू यातला फरक बहुतेकदा इथेच पडतो.

पहिली मागणी: पातं बोटांवर मिटू नये

धारेने खाली दाब देऊन कापताना पातं मिटत नाही, उलट ते उघडण्याच्या दिशेनेच ढकललं जातं. धोका दोन वेळा असतो. एक, टोकाने भोसकून भोक पाडताना. दोन, नळीत किंवा ओल्या खोडात अडकलेलं पातं ओढून काढताना. दोन्ही वेळा दाब पात्याच्या पाठीवर येऊ शकतो आणि साधी स्प्रिंग तो पेलू शकत नाही. बोटं नेमकी मिटण्याच्या वाटेत असतात.

म्हणून शौकिनांची सर्वात जुनी मागणी आहे ती भरवशाच्या लॉकची. त्याचे चार प्रकार सर्रास दिसतात.

- फिरती कडी: फ्रान्समधल्या साव्हॉय भागात १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये अशी कडी बसवली गेली. पातं उघडल्यावर कडी फिरवली की ते अडकतं. २००० पासून हीच कडी मिटलेलं पातंही अडकवते, म्हणजे चाकू खिशात उघडत नाही. रचना सोपी आणि स्वस्त आहे, पण कडी आठवणीने फिरवावी लागते.
- पाठीवरचं लॉक: मुठीच्या पाठीतली दांडी पात्याच्या खाचेत बसते. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० या चाकूमुळे १९६० च्या दशकात हा प्रकार लोकप्रिय झाला. तो मजबूत असतो, मात्र खाचेत घाण साचली तर दांडी पूर्ण बसत नाही.
- आतल्या पट्टीचं लॉक: मुठीच्या आतली पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते. याला लाइनर लॉक म्हणतात. चाकू एका हाताने मिटवता येतो, पण तसं करताना अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत येतो.
- आडव्या दांडीचं लॉक: १९९० च्या दशकाच्या शेवटी बेंचमेड कंपनीने आणलेल्या या प्रकारात एक छोटी दांडी पात्याच्या बुडावर आडवी सरकते. दोन्ही बाजूंनी पकडता येते, त्यामुळे डावखुऱ्यांनाही सोयीची आहे. बोटंही मिटण्याच्या वाटेत येत नाहीत.

केळीच्या चिकाने काय होतं?

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांच्या लागवडीमुळे इथे बागेतली कामं जवळपास वर्षभर चालतात. म्हणजे चाकूचा चिकाशी संबंधही वर्षभराचा.

केळीचा चीक सुरुवातीला पाण्यासारखा दिसतो, पण हवा लागली की तपकिरी-काळा पडतो. कपड्यावरचा डाग जात नाही, हे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा थर तयार करतं. कोयत्यावर चीक वाळला तर तो घासून काढता येतो. घडीच्या चाकूत मात्र तो खिळीभोवती, पट्टीच्या मागे आणि मुठीच्या खाचेत शिरतो. तिथे माती आणि धूळ चिकटते. काही दिवसांत पातं जड फिरायला लागतं आणि लॉक अर्धवट बसायला लागतं. अर्धवट बसलेलं लॉक हे लॉक नसल्यापेक्षा जास्त धोक्याचं, कारण वापरणारा त्याच्यावर विसंबून जोर लावतो.

यातून दुसरी मागणी येते. सांधा उघडून साफ करता आला पाहिजे. अनेक स्वस्त चाकूंची खीळ ठोकून पक्की केलेली असते. ती सैल झाली तर पुन्हा ठोकावी लागते आणि आतली घाण निघतच नाही. त्याऐवजी स्क्रू असेल तर चाकू घरच्या घरी उघडता येतो, पुसता येतो, तेल देऊन पुन्हा कसता येतो. मुठीची पाठ बंद न ठेवता उघडी ठेवली तर नळाखाली धरूनही बरीचशी घाण वाहून जाते.

चाकूमुळे रोग पसरतो का?

काही रोगांच्या बाबतीत, हो. केळीचा कंद कुजवणारे जिवाणू रोगट झाडाच्या रसातून अवजाराला लागतात आणि पुढच्या झाडावर जाऊ शकतात. जळगावात ज्याला हरण्या म्हणतात, तो कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग मात्र मुख्यतः मावा किडीमुळे आणि रोगट रोपांमुळे पसरतो. त्याचं खापर चाकूवर फोडण्यात अर्थ नाही. तरीही पिलं काढताना किंवा रोगट भाग कापताना अवजार निर्जंतुक करावं, हा नियम सगळीकडे सांगितला जातो.

इथे घडीच्या चाकूची अडचण होते. निर्जंतुकीकरणासाठी वापरलं जाणारं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरगुती ब्लीच, पोलादाला गंज चढवतं. स्टेनलेस पोलादही त्यातून पूर्णपणे सुटत नाही. कोयता धुऊन पुसला की काम झालं. घडीच्या चाकूत हे द्रावण सांध्यात राहतं आणि खीळ आतून खाल्ली जाते. म्हणून ब्लीच वापरलं तर लगेच स्वच्छ पाण्याने धुणं, पूर्ण वाळवणं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देणं गरजेचं ठरतं. रोगट झाडाला हात घालायचा असेल तर मुळात सांधा नसलेलं अवजार घेणंच बरं.

पोलाद महत्त्वाचं नाही का?

आहे, पण शौकीन समजतात तितकं शेतात नाही. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. स्विस लाल चाकूचं पातं साधारण ५६ च्या आसपास असतं, तर महागड्या आधुनिक चाकूंची पाती ५८ ते ६२ पर्यंत जातात. कठीण पात्याची धार जास्त टिकते. पण ती बोथट झाली की साध्या दगडावर लवकर येत नाही आणि पात्यावर आडवा ताण आला तर तुकडा उडण्याची शक्यता वाढते.

कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण चीक आणि घाम त्याला लगेच लागतात. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा खिशातला चाकू घामानेच भिजलेला असतो. अशा ठिकाणी मध्यम कठीणपणाचं स्टेनलेस पातं जास्त सोयीचं. त्याला आठवड्याला दोनदा धार लावावी लागली तरी चालेल, पण ती घरच्या दगडावर पाच-दहा मिनिटांत लागली पाहिजे.

मूठ आणि रंग

लाकडी मूठ हातात छान बसते. पण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं घट्ट बसतं. लाकडी मुठीच्या ओपिनेलबद्दल शौकिनांची ही नेहमीची तक्रार आहे. गुळगुळीत स्टीलची मूठ चिकाने ओल्या हातातून निसटते. खडबडीत नायलॉनची किंवा रबर लावलेली मूठ दोन्ही अडचणी टाळते.

रंगाची मागणी किरकोळ वाटते, पण केळीच्या वाळलेल्या पानांत पडलेला तपकिरी किंवा काळा चाकू शोधून पाहिला की ती पटते. भगवा किंवा पिवळा रंग लगेच नजरेत भरतो. दोरी ओवायला एक भोक असेल तर चाकू पडतच नाही.

एका हाताने उघडणारा चाकू: सोय की अडचण?

एका हातात नळी किंवा घड असताना दुसऱ्या हाताने चाकू उघडता यावा, ही शौकिनांची आवडती मागणी. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक दिलं आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप लावली. नंतर ही रचना जगभर पसरली.

पण चाकू जितका झटकन उघडतो आणि जितका पक्का अडकतो, तितका तो कायद्याच्या नजरेत हत्याराच्या जवळ जातो. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू खिशात ठेवता येतो, मात्र त्याला लॉक असेल तर ही सवलत मिळत नाही. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाचे, गरारीचे आणि स्प्रिंगने उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटीमीटर लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असल्यास, शस्त्र कायद्याच्या कक्षेत आले. हिंदी सिनेमाने घराघरात पोहोचवलेला खटक्याचा रामपुरी याच वर्गातला.

महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

देशभर लागू असलेल्या शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला घडीचा चाकू सहसा या मापांपेक्षा बराच लहान असतो.

पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) नुसार जिल्हादंडाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी ठरावीक काळ शस्त्रं, लाठ्या, चाकू किंवा इजा करता येईल अशी वस्तू बाळगण्यावर बंदी घालू शकतात. सण, मोर्चे किंवा निवडणुकांच्या काळात असे आदेश निघतात. त्यात पात्याची लांबी किंवा लॉकचा प्रकार हा मुद्दा नसतो. आदेश मोडल्यास कलम १३५ नुसार शिक्षा होऊ शकते. त्यामुळे शेतातून थेट जळगाव किंवा धुळे शहरात जाताना चाकू शेतातल्या खोलीत किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवून जाणं शहाणपणाचं.

चाकू घेताना काय तपासाल?

- पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा. डुगडुगत असेल तर घेऊ नका.
- बोटं वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबा. लॉक सुटता कामा नये.
- खिळीच्या जागी स्क्रू आहे का आणि मुठीची पाठ उघडी आहे का, ते पाहा.
- पातं स्टेनलेस आणि ३ इंचांच्या आसपास असेल तर बागेतली बहुतेक कामं होतात.
- बटण दाबून झटक्यात उघडणारा चाकू टाळा. शेतीच्या कामाला त्याची गरज नाही.
- घरी आणल्यावर चीक वाळायच्या आत पातं आणि सांधा पुसायची सवय लावा. वाळलेला चीक नुसत्या पाण्याने सहज निघत नाही.