कालव्यावरील नावेचा बेत

चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये नदी नाही, घाट नाही आणि नाव बांधून ठेवण्याजोगा काठही नाही. नव्या राजधानीचा जो भाग सर्वांत आधी उभा राहिला, त्यांपैकी हा एक. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर जानेरे या स्थपतींनी १९५० नंतरच्या दशकात सरकारी नोकरांसाठी येथे विटांची घरे, दुकानांच्या रांगा आणि मुलांना शाळेत जाण्यासाठी झाडीतल्या पायवाटा आखल्या. अशा ठिकाणी बसून कोणी एकट्याने, अरुंद नावेतून, कालव्याकालव्याने महिनोन्‌महिने प्रवास करण्याचा बेत मांडला, तर शेजारीपाजारी त्याला हसल्यावाचून राहणार नाहीत. पण नकाशा उलगडून पाहिला म्हणजे हसू थोडे आवरते. येथून थोड्या अंतरावर, रोपडला, सतलज नदी मैदानात उतरते. आणि तेथून निघालेला कालवा पाण्याबरोबर नावाही वाहून नेण्यासाठी बांधलेला होता.

प्रवासाचा बेत म्हटला की काही रोखठोक प्रश्न उभे राहतात. पाणी किती खोल? प्रवाहाचा वेग किती? पुलाखालून नाव जाईल काय? कालवा जेथे एकदम खाली उतरतो तेथे नावेने कसे उतरावे? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे भूगोल मागे पडतो आणि इतिहास पुढे येतो. कारण कालव्याची खोली, त्याचा उतार आणि त्यावरील पुलाची उंची या निसर्गाने दिलेल्या गोष्टी नव्हेत. त्या कोणीतरी, कोणत्या तरी हेतूने ठरविलेल्या असतात.

अरुंद नावेचा हा प्रकार मूळचा इंग्लंडातला. १७६१ हे साल मराठी माणसाच्या मनात पानिपताशी कायमचे जोडलेले आहे. त्याच वर्षी जुलै महिन्यात ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या सरदाराच्या खाणीतील कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी बांधलेल्या कालव्यावरून पहिल्या नावा निघाल्या. जेम्स ब्रिंडली हा त्या कामावरचा कारागीर. जो घोडा रस्त्यावर एक गाडी कष्टाने ओढी, तोच काठावरून चालत कितीतरी पट बोजा पाण्यावरून सहज ओढू लागला. पुढे चढउताराच्या मुलखात ब्रिंडलीने पायऱ्यापायऱ्यांचे कालवे नेले. अशा प्रत्येक पायरीवर दोन दारांमधली एक कोठडी असते. नाव आत घ्यावयाची, दार लावावयाचे, आणि पाणी भरून तिला वर चढवावयाचे किंवा सोडून खाली उतरवावयाचे. यालाच लॉक म्हणतात. एकेका खेपेला लाखभर लिटरहून अधिक पाणी खर्ची पडते. म्हणून पाणी आणि पैसा वाचविण्यासाठी कोठडी सुमारे सात फूटच रुंद ठेवली, आणि नावही तेवढीच अरुंद झाली. आज इंग्लंडात त्या नावांतून माल जवळजवळ जात नाही, पण हौशी माणसे राहतात, हिंडतात. एकटा मनुष्यसुद्धा दोर खांबाला गुंडाळून, दारे आपल्या हाताने उघडून पुढे सरकू शकतो. याचे रहस्य एकच: तेथील बहुतेक कालव्यांचे पाणी जवळजवळ स्थिर असते.

आता रोपडकडे वळू. ऑक्टोबर १८३१ मध्ये येथे सतलजच्या काठी महाराजा रणजितसिंह आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांची मोठ्या थाटाची भेट झाली. त्याच वर्षी अलेक्झांडर बर्न्स हा तरुण अधिकारी कच्छमधील मांडवीहून निघून सिंधू नदीने लाहोरला पोहोचला होता. महाराजांना भेट देण्यासाठी त्याच्यासोबत पाच थोराड विलायती घोडे आणि एक गाडी होती. इतके अवजड नजराणे जमिनीवरून नेणे कठीण, अशी सबब सांगून नदीचा मार्ग धरला होता. खरा उद्देश नदीची खोली आणि वळणे तपासणे हा होता. बेत आखण्याची ही एक जुनी रीत होय. पुढच्याच वर्षी, १८३२ साली, सिंधू आणि सतलज यांवरील नौकानयनाचे करार झाले. नदीचा नकाशा तयार झाल्यावर राज्यांचा नकाशा बदलावयास फार वेळ लागला नाही. १८४३ साली सिंध आणि १८४९ साली पंजाब कंपनीच्या ताब्यात गेला.

सरहिंद कालव्याचे उद्घाटन रोपडला नोव्हेंबर १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाले. खर्चात आणि पाण्यात पटियाला, नाभा आणि जिंद या संस्थानांचा वाटा होता. कालव्यावर नावांची सोय होती, आणि फिरोजपूरजवळ त्याला सतलजशी जोडणारा नौकामार्गही होता. रोपडहून निघालेल्या नावेने कालव्यातून पुन्हा नदीत यावे आणि नदीनदीने कराचीच्या समुद्रापर्यंत जावे, अशी ही कल्पना. कागदावर ती सुंदर होती. परंतु सिंधूच्या खोऱ्यातील आगगाडी १८७८ सालीच धावू लागली होती. नावेची वाट तयार झाली तेव्हा तिचा माल दुसऱ्या वाटेने निघून गेला होता. आणि १९४७ साली फिरोजपूरच्या पलीकडे सरहद्द पडली, तेव्हा समुद्राची वाटच तुटली. एकट्या प्रवाशाचा पश्चिमेचा बेत येथे संपतो.

पूर्वेकडे जावे तर सतलजमधून यमुनेत उतरावयास हवे. दोन नद्यांना जोडणारा कालवा आखलेला आहे; पंजाबच्या भागातील त्याचे काम एप्रिल १९८२ मध्ये पटियाला जिल्ह्यातील कपूरी गावी सुरू झाले. पण पंजाब आणि हरियाणा यांच्यातील पाण्याच्या वादात ते अडकले. १९९० साली चंदीगडमध्येच या कामावरील दोन अभियंत्यांची हत्या झाली. कालवा अद्यापि पुरा झालेला नाही. ज्या शहरात दोन्ही राज्यांची राजधानी एकत्र नांदते, त्या शहरातून निघालेल्या नावेला एका राज्याच्या नदीतून दुसऱ्या राज्याच्या नदीत जाता येत नाही. तिला मालमोटारीवर चढवूनच पूर्वेकडे न्यावे लागेल.

मालमोटार रूडकीला थांबवावी. येथे गंगेचा कालवा आहे. १८४२ मध्ये प्रोबी कॉटली याने काम सुरू केले आणि ८ एप्रिल १८५४ रोजी पाणी सोडण्यात आले. त्याच्या मुख्य धारेची लांबी सुमारे साडेपाचशे किलोमीटर. रूडकीजवळ हा कालवा सोलानी नदीच्या डोक्यावरून, पंधरा कमानींच्या पुलावरून जातो. म्हणजे खाली नदी आणि वर नाव. या पुलाच्या भरावाची माती वाहण्यासाठी १८५१ साली वाफेचे इंजिन आणले होते. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी जाण्याच्या दोन वर्षे आधी हिंदुस्थानात इंजिन धावले ते कालव्याच्या चाकरीत, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे. चाकरीला आलेले हे यंत्र पुढे कालव्यावरील नावांचे धनी झाले.

कॉटलीने जेथे जेथे कालव्याला धबधब्यासारखा उतार दिला, तेथे बाजूने नावांसाठी स्वतंत्र वाट आणि लॉक ठेवले. तरी अडचण उरलीच. शेताला पाणी द्यावयाचे तर ते वाहते असावयास हवे. मंद झाले तर गाळ बसतो. नावेला मात्र संथ पाणी हवे. कॉटलीचा उतार इतका पडला की पाणी तळ खरवडू लागले, आणि प्रवाहाविरुद्ध नाव नेणे जिकिरीचे झाले. खाली जाताना एकटा नावाडी पुरतो. वर येताना काठावरून दोर ओढणारी माणसे लागतात. आणखी एक अडचण वेळापत्रकाची. शेतीचे पाणी पाळीपाळीने सुटते, आणि दरवर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत हा कालवा साफसफाईसाठी बंद ठेवतात. त्या दिवसांत नाव चिखलात बसेल. कायदासुद्धा प्रवाशाने पाहून ठेवावयास हवा होता. १८७३ च्या उत्तर हिंदुस्थानच्या कालवे कायद्यात नौकानयनाचा स्वतंत्र भाग होता, आणि नियम मोडणारी किंवा कर न देणारी नाव अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यात सरकारला दिला होता.

कॉटलीवर सर्वांत कडक टीका केली ती आर्थर कॉटन याने. गोदावरीवर दवलेश्वरमचे धरण १८५२ साली पुरे करणारा हा अभियंता. त्याच्या सपाट त्रिभुज प्रदेशात एकाच कालव्याने भातही पिकविले आणि नावाही चालविल्या. जे तेथे साधले ते देशभर साधेल, अशी त्याची श्रद्धा होती. १८७८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने दहा हजार मैल जलमार्गांची योजना ठेवली. अंदाज तीन कोटी पौंडांचा. तीत कलकत्त्याहून गंगेने वर जाऊन सिंधूने कराचीस उतरणारा मार्ग होता, आणि काकिनाड्याहून गोदावरीने वर चढून तापीने सुरतेस पोहोचणारा मार्गही होता. म्हणजे ती योजना फळास येती, तर वऱ्हाड-खानदेशचा कापूस नावेत बसून समुद्राकडे निघता.

त्या दोन-तीन वर्षांत दख्खन आणि मद्रास दुष्काळाने होरपळले होते. आगगाडीने धान्य आणले हे खरे. पण ज्यांच्यापाशी ते विकत घेण्यास पैसा नव्हता त्यांना ते उपयोगी पडले नाही. कॉटनचे म्हणणे असे, की रेल्वे धान्य वाहते, कालवा धान्य पिकवतो आणि वाहतोही. समितीने त्याची योजना मानली नाही, आणि रेल्वेचा विस्तार चालूच राहिला.

कॉटनचे सारेच बरोबर होते असे म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यातील गोदावरीचे पात्र ज्याने पाहिले आहे, त्याला तापीपर्यंत नाव चढविण्याची कल्पना धाडसाची वाटेल. दख्खनचे पाणी आधी अडवावे लागते. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा कालवा आणि १८८५ चा नीरेचा डावा कालवा यांनी नावेचा विचार केला नाही, आणि त्यांत त्यांची चूक नव्हती. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीराव फुल्यांनीही तळी आणि धरणे मागितली ती शेतासाठी. भुकेल्या मुलखात पाण्यावर पहिला हक्क शेताचा, हे मान्य केलेच पाहिजे.

खेद वाटावा तो दुसऱ्याच गोष्टीचा. उत्तरेत नावेची सोय करून झाली होती. दगड बसले होते, दारे लागली होती. रेल्वे आणि कालवा यांनी कोणते ओझे कोणी वाहावे, याची शांतपणे वाटणी होऊ शकली असती. ती न होता एकाला भांडवल मिळाले आणि दुसऱ्याची दारे गंजली. जेथून नावा उतरावयाच्या, तशा गंगेच्या कालव्यावरील कित्येक उतारांवर विसाव्या शतकात वीजघरे बसली. पाणी वाया गेले नाही, एवढे समाधान मानता येते.

आपल्या प्रवाशाने मग काय करावे? संथ पाणी हवे तर त्याने दक्षिणेत जावे. केरळात कोल्लमपासून कोट्टापुरमपर्यंतचा जलमार्ग १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर झाला. कॉटनच्या गोदावरी-कृष्णेच्या कालव्यांना आणि बकिंगहॅम कालव्याला तो मान २००८ साली मिळाला. या बकिंगहॅम कालव्याचा काही भाग १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या मजुरांनी खणला. २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. पण नाव कायद्यावर तरंगत नाही. तिला खोली लागते, गाळ काढणारे हात लागतात, आणि पूल बांधताना तिची आठवण ठेवणारा अधिकारी लागतो. एकट्याचा प्रवास म्हणतात खरा, परंतु अशा अनेकांनी आधी काम केल्यावाचून तो एक मैलही पुढे जात नाही.

रोपडहून निघणाऱ्या नव्या भाक्रा कालव्यात उतरण्याचा मोह त्याने टाळावा. त्याचे काठ पक्के आणि उतरते आहेत, पाणी वेगाचे आहे. पडलेल्या माणसाला वर येणे दुरापास्त. १९५४ साली पंडित नेहरूंनी हे पाणी सोडले ते शेतासाठी आणि विजेसाठी. त्याच कालव्यातून कजौली येथे उचललेले पाणी नळांनी चंदीगडला येते. सेक्टर २२ मधील घराघरांत सतलज पोहोचली आहे. रोपडच्या धक्क्यावर मात्र नाव लागत नाही.