पाथर्डीचं बिऱ्हाड, शहराचं भाडं

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला गेली. नगर जिल्ह्याला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पाथर्डीसारख्या तालुक्याला मात्र त्या गाडीनं आणखी काही दिलं. इथं रेल्वे तेव्हा नव्हती, आजही नाही. करंजीचा घाट ओलांडून नगर गाठायचं आणि तिथून पुढची वाट धरायची, हाच शिरस्ता. एसटी आल्यावर पुण्या-मुंबईची वाट सोपी झाली. बालाघाटाच्या डोंगररांगेला टेकलेल्या, पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या या तालुक्यातून माणसं निघतच होती; आता ती लवकर पोचू लागली.

पोचल्यावर काम ओळखीपाळखीनं मिळून जायचं. अडायचं ते पाठ टेकण्यापाशी. गावाकडं चार खणांचं का होईना, स्वतःचं घर असतं, आणि त्याचं भाडं भरायची कल्पनाही कुणाच्या मनात येत नाही. शहरात मात्र पहिल्या महिन्यापासून पगारातला मोठा घास खोली खाते. गेल्या सव्वाशे वर्षांत नगर जिल्ह्यातल्या आणि एकूणच घाटावरच्या माणसांनी यावर ज्या तोडी काढल्या, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच हिशोब सापडतो. शहराच्या भाड्याचा मोठा वाटा गावानं उचलला. बायको गावी, म्हातारे गावी, पोरं गावी, ज्वारीचं पोतंही गावचंच. एवढं सगळं गावावर सोपवलं, तेव्हा कुठं शहरातली खोली परवडली.

मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, पुणे यांच्याबरोबर नगर जिल्ह्यातलेही कामगार होते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि शतक सरताना पडलेले दोन दुष्काळ यांनी जिल्हा पिळून काढला होता. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तोही दुष्काळी कामातूनच उभा राहिला. त्या मार्गानं माणूस गिरणगावात उतरला की आधी गाववाल्याची खोली शोधायचा. खोली एकाच्या नावावर, बाकीचे पोटभाडेकरू. भिंतीला खुंट्या, खुंटीला सदरा आणि पिशवी, खाली पत्र्याची ट्रंक आणि गुंडाळलेली वळकटी, एवढाच ज्याचा त्याचा मुलूख. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतायचा, तेव्हा दिवसपाळीवाल्यानं नुकतीच मोकळी केलेली जागा त्याला मिळायची. एकाच जागेचं भाडं असं दोघांत वाटलं जाई. उन्हाळ्यात निम्मी खोली गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपे. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. कामगाराचं पोट भरणारी बाईही शहरात कर्ज काढूनच उभी होती.

गोव्याहून येणाऱ्या खलाशांनी आणि आचाऱ्यांनी धोबी तलावाच्या परिसरात गावागावांचे 'कूड' काढले, तीही याच जातीची सोय. गावच्या नावानं जागा घ्यायची, गावच्या माणसानं तिथं स्वस्तात उतरायचं.

सरकारला जाग आली ती रोगानं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांकडं राज्यकर्त्यांचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ पर्यंत राहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला विद्वान चाळीतल्या दोन खोल्यांत संसार, अभ्यास आणि चळवळ सांभाळत होता, यावरून त्या काळी मुंबईत जागा मिळणं किती कठीण होतं हे कळावं.

त्याहून मोठा बेत गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर लावायचा, कर्ज काढायचं आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असं ठरलं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी उभ्या राहिल्या. चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, आणि प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. म्हणजे सगळ्या मिळून सुमारे १६ हजार खोल्या, ठरलेल्याच्या एक तृतीयांश. त्यातल्याही कित्येक सुरुवातीची वर्षं रिकाम्या पडल्या. एकीकडं माणसं फुटपाथवर झोपत होती आणि दुसरीकडं नव्या कोऱ्या काँक्रीटच्या खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हते. भाडं कामगाराच्या कुवतीबाहेरचं होतं आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटे. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा सरकारनं तात्पुरता तुरुंग केला. पुढं भाडी उतरली, वस्ती भरली आणि या चाळी मुंबईच्या मराठी जीवनाचं केंद्र झाल्या, ही गोष्ट वेगळी. पण माणसाला किती भाडं झेपेल हे न विचारता घर बांधलं की काय होतं, हे तिथं शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं.

भाडं रोखण्याचा दुसरा मार्ग कायद्याचा. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रण आलं. १९४७ च्या कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. आत असलेल्याला याचा मोठा आधार झाला. बाहेरून नव्यानं येणाऱ्यापुढं मात्र पागडीची भिंत उभी राहिली. महिन्याचं भाडं नाममात्र, पण खोलीत पाऊल टाकण्यासाठी मोजायची रक्कम अवाच्या सवा. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली थेट १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात. गावाहून उशिरा निघालेल्याला त्यामुळं झोपडपट्टीशिवाय थारा राहिला नाही, आणि १९७२ च्या दुष्काळानं अशा उशिरा निघालेल्यांची रीघ लावली.

पाथर्डीच्या माणसापुढं तोवर दुसरी वाटही उघडली होती. आपल्याच जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. १९५० च्या हंगामात त्याचं गाळप सुरू झालं. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि ऊस तोडायला माणसं हवी झाली. पाथर्डी, शेवगाव, बीडकडची गावं दसऱ्या-दिवाळीनंतर रिकामी होऊ लागली. भगवानगडाला हात जोडून टोळ्या निघायच्या. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती 'कोयत्या'वर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

इथं घरभाड्याचा प्रश्न मिटला, पण कसा? चार बांबू, वर चटई किंवा ताडपत्री, कडेनं पाचट: ही कोपी. वाकून आत शिरायचं, तीन दगडांची चूल, एका अंगाला धान्याचं पोतं, दुसऱ्या अंगाला पोराची झोळी. भाडं शून्य. पण पाणी लांबून आणायचं, आडोसा नाही, वीज असली तर नशीब. बाईनं पहाटे तीन-साडेतीनला उठून भाकरी थापायच्या आणि उजाडण्याआधी फडात हजर व्हायचं. कोपीचं जे भाडं कारखाना किंवा मुकादम मागत नाही, ते बाईच्या झोपेतून, आरोग्यातून आणि पोरांच्या शाळेतून वसूल होतं. कष्टकऱ्याच्या घराचा इतका स्वस्त आणि इतका महाग प्रकार दुसरा नसेल.

कोयता सुटावा म्हणून पुढची पिढी कारखानदारीकडं वळली. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, एमआयडीसीची स्थापना १९६२ मध्ये झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं. प्राधिकरणानं कामगारांना परवडणारी घरं द्यावीत ही अपेक्षा होती. कारखाने जेवढे वाढले, तेवढी घरं झाली नाहीत. मग भोसरी, दिघी, चिखली, तळवडे, मोशी या गावांत मराठवाड्याच्या आणि नगर-बीडच्या माणसांनी आपली जुनी भाषा नव्या कामाला लावली: गुंठा. एकराचे चाळीस गुंठे, एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. गावाकडं हा हिशोब बांधावरच्या भांडणापुरता. इथं त्याच्यावर आयुष्य उभं राहिलं. दोघा भावांनी मिळून एक गुंठा, नाहीतर एकट्यानं अर्धा. त्यासाठी गावचं रान विकायचं किंवा बायकोचे दागिने मोडायचे. तुकडेबंदी कायद्यामुळं एवढ्याशा तुकड्याचं खरेदीखत नोंदवणं अवघड, म्हणून साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा कागद. आधी पत्रा, मग स्लॅब, मग बाहेरून लोखंडी जिना आणि वर दोन खोल्या. त्या खोल्या गावाकडून नव्यानं आलेल्या भाचे-पुतण्यांना भाड्यानं. आलेल्या भाड्यात हप्ता भागे. चाळीतल्या गाववाल्याच्या खोलीचा हा पुढचा अवतार. फरक एवढाच की जागा आता आपली होती, कागद मात्र कच्चा.

२००१ च्या गुंठेवारी कायद्यानं अशा भूखंडांना नियमित होण्याची वाट दिली. पिंपरी-चिंचवडमध्ये २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर शास्तीकर बसला आणि कामगारांच्या डोक्यावर थकबाकी साचत गेली. तो माफ व्हायला २०२३ साल उजाडलं. ज्यांनी सरकारच्या अपुऱ्या घरांची उणीव स्वतःच्या पैशानं भरून काढली, त्यांनाच इतकी वर्षं दंड सोसावा लागला, हा अन्याय होता.

आज पाथर्डीहून निघणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली मोठ्या संख्येनं आहेत. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेत त्यांना खोली मिळत नाही, खाट मिळते. 'कॉट बेसिस' हा शब्द तिथल्या भिंतींवर, खांबांवर चिकटवलेला दिसतो. दिवस अभ्यासिकेत, जेवण मेसचं, रात्री खाट. गिरणगावातल्या वळकटीचं आणि या खाटेचं नातं सख्खं आहे, आणि पैसे अजूनही गावाकडूनच येतात: दुधाचे, कापसाचे, कधी मुकादमाच्या उचलीतले.

शहर महाग असतं हे सरकारला ठाऊक आहे. म्हणूनच पुण्या-मुंबईतल्या कर्मचाऱ्याला तालुक्याच्या गावातल्या कर्मचाऱ्याच्या तिप्पट दरानं घरभाडे भत्ता मिळतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांतही हे तत्त्व आलं. २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेत आणि त्याच धर्तीवर इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी आलेल्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यातले निवासाचे २० हजार. महिन्याला हे सोळाशे-सतराशे रुपये होतात. कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता पगाराच्या टक्क्यांवर असल्यानं पगाराबरोबर आपोआप वाढतो. विद्यार्थ्याच्या निवास भत्त्यालाही तसाच नियम लावावा, आणि तालुक्या-तालुक्यातून पुण्यात येणाऱ्यांसाठी सरकारनं वसतिगृहं बांधावीत. लॉइडच्या चाळींसारखी नव्हे. आधी भाडं विचारून, मग नकाशा काढून.